अंगणातली मुलं कुणाची?

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्या अपार्टमेंटमध्ये आई गायची ती फक्त शेगडीवरचा पंखा चालू असताना. फोडणी घालायच्या आधी तो लावावाच लागे, नाहीतर मोहरी तडतडताच छताला लावलेला धुराचा अलार्म बोंबलायला लागायचा आणि बाबा टॉवेल घेऊन खुर्चीवर चढायचे. पंखा घरघरायचा, त्याच्या आडोशाने आई गुणगुणायची, आणि भाजीवर झाकण ठेवून तिने पंखा बंद केला की गाणंही बंद व्हायचं. पुण्यात ती एका शाळेत संगीत शिकवायची. संध्याकाळी घरी मुली यायच्या, पेटीचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू यायचा. इथे ती बाबांच्या व्हिसावर आली होती, नोकरीची परवानगी तिला नव्हती, आणि भिंती पातळ होत्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा अगदी गोड हसून विचारलं होतं, सकाळी टीव्ही जरा हळू लावाल का? आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हताच. आई घरात आली, दार लावलं, आणि म्हणाली, "चला, निदान प्रसिद्ध तरी झाले." त्यानंतर सकाळचा रियाज थांबला.

मी पंधरा वर्षांची होते आणि बोलत नसे. पुण्यात इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण तोंड उघडण्याची होती. वर्गात उत्तर येत असलं तरी मी ते मनात देऊन मोकळी व्हायचे. त्याऐवजी मी बघत राहायचे. कोण कुठे बसतं, कुणाचा डबा कोण खातं, गणिताच्या सरांनी काल कुठला स्वेटर घातला होता. या सगळ्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. घरी मात्र त्या पहिल्या हिवाळ्यात आईने मला एक नवी सवय लावली. बाबा कामावरून यायच्या आधी, कपड्यांच्या घड्या घालता घालता, मी घड्या घालायच्या आणि तिने वाचायचं. पुस्तक तिने लोणच्याच्या बरण्यांच्या मध्ये कोंबून आणलं होतं, त्यामुळे त्याच्या मलपृष्ठाला कायम तेलाचा डाग आणि हिंगाचा वास. मराठीतली जुनी, गाजलेली कादंबरी. आईच्या आईनेही ती वाचलेली. मला मराठी वाचता यायचं पण अडखळत, म्हणून ती माझ्या डोळ्यांत नाही, कानांत बसली.

गोष्ट फार मोठी नव्हती. नदीकाठच्या गावात कचेरीतल्या एका कारकुनाची बायको, अंबू. नवरा चांगला, घर नीटनेटकं, पण मूल नाही. अंबूच्या घरात काही घडत नाही, आणि ते न घडणंच लेखकाने पानापानांतून सांगितलं होतं. दुपारी ती वाती वळत बसते तेव्हा कापसाचाही आवाज येतो असं तिला वाटतं. एकदा कासाराकडून ती लहान मापाच्या बांगड्या घेते आणि फडताळात मागे ठेवून देते. पुढे त्या बांगड्यांचा उल्लेखही येत नाही. ते पान वाचताना आईने चष्मा काढून पुसला होता आणि मी एकच टॉवेल दोनदा घडी केला होता.

मराठी मंडळाने गुढीपाडव्याला त्याच कादंबरीवर संगीत नाटक करायचं ठरवलं तेव्हा आमच्या घरात केवढा आनंद झाला! ठरवलं म्हणजे डॉक्टरकाकूंनी ठरवलं. त्या भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाल्या होत्या, फार वर्षांपूर्वी इथे आलेल्या, आणि मंडळात त्यांच्या शब्दाला वजन होतं. "आयुष्यभर लोकांना झोपवलं," त्या म्हणायच्या, "आता थोडं जागं ठेवू." नाटक त्यांनीच लिहिलं, गाणीही त्यांचीच. अंबूच्या भूमिकेसाठी त्यांनी पाचसहा जणींना ऐकलं. आई शेवटी गेली, डोळे मिटून एक आलाप घेतला, आणि डॉक्टरकाकू म्हणाल्या, "बस झालं. बाकीच्यांनी चहा घ्या."

तालमी त्यांच्या बेसमेंटमध्ये, दर रविवारी. मोठं गुबगुबीत कार्पेट, एका कोपऱ्यात टेबलटेनिसचं टेबल, त्यावर खाणं: कुणाचे साबुदाणा वडे, कुणाची भडंग, मुलांसाठी पिझ्झाचे चौकोनी खोके. सगळ्यांची पायताणं जिन्यापाशी ढिगाने, आणि निघताना तासभर त्यातून जोड्या लावायच्या. मला काम दिलं होतं संगीताचं. म्हणजे लॅपटॉपवर गाण्यांचे ट्रॅक होते आणि खूण झाली की बटण दाबायचं. "बोलायचं काही नाही, फक्त दाबायचं," आईने मला धीर दिला. त्या कामावर मी खूश होते. समोर सगळं दिसायचं आणि मला कुणी बघत नसे.

आणि दिसायचं ते असं, की मला हसावं की काय करावं कळेना. अंबूचं घर गरिबाचं, पण त्या घरातला प्रत्येक माणूस लग्नाला निघाल्यासारखा. यात कुणाचा दोष नव्हता. अमेरिकेला येताना आमच्या लोकांनी रोजची लुगडी आणि साधी धोतरं कशाला आणावीत? कपाटात जे भारतीय म्हणून होतं ते लग्नाचंच होतं. त्यामुळे भाजीवाली पैठणीत, पाणक्या रेशमी कुर्त्यात, आणि अंबूच्या नवऱ्याचं काम करणारे नागपूरचे निलेशकाका भरजरी शेरवानी आणि फेट्यात कचेरीला निघायचे. "मी कचेरीत चाललो की वरातीत, बाप्पा?" ते दर वेळी विचारायचे, आणि डॉक्टरकाकू म्हणायच्या, "चाल, चाल. मागच्या रांगेतून काही दिसत नाही." मागचा पडदा गणपतीच्या आराशीतून आलेला, त्यावर राजवाडा आणि दोन मोर. सभागृहात ज्योत पेटवायला मनाई, म्हणून समईत बॅटरीच्या ज्योती. कादंबरीत दिवा तेल संपून विझतो, इथे निलेशकाका फुंकर मारायचे आणि खालून बोटाने खटका शोधायचे. खटका सापडेपर्यंत दिवा त्यांच्या फुंकरीला अजिबात दाद देत नसे.

हे सगळं मी आईला गाडीत सांगायचे आणि आम्ही दोघी हसून बेजार व्हायचो. बाबा गाडी चालवता चालवता म्हणायचे, "अगं, हौशी माणसं आहेत, चालायचंच." पण एक गोष्ट मी सांगितली नव्हती, कारण ती नक्की काय आहे हे मलाच उशिरा कळलं. मंडळाची एक रीत होती, अजूनही आहे: ज्या मुलाला स्टेजवर यायचं आहे त्याला यायला मिळतं, कुणाला नाही म्हणायचं नाही. रीत चांगलीच आहे. आता मी स्वतः काकू झाले आहे आणि माझ्या मुलाला एका नाटकात झाडाचं काम मिळालं तेव्हा मीही पहिल्या रांगेतून फोन उंच धरला होता. त्या वर्षी मात्र सहा मुलं होती ती दहा झाली, दहाची सोळा झाली, आणि सगळी अंबूच्या अंगणात नाचायला लागली. नाच प्राजक्तामावशीने बसवलेला, झकास बसवलेला. फुगड्या, पिंगा, शेवटी मनोरा करून हात वर. बटण दाबून मी बघत असायचे आणि काहीतरी खटकत राहायचं.

पाडव्याच्या तीन आठवडे आधी डॉक्टरकाकूंनी सगळ्यांना कार्पेटवर गोल बसवलं. सभागृह सातला रिकामं करून द्यायचं होतं आणि नाटक लांबत होतं. "दुसऱ्या अंकातलं अंबूचं गाणं काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "मुलांचा डान्स काढता येणार नाही, त्यांचे आईवडील मला काढतील. आणि ते गाणं तसं स्लो आहे." सगळ्यांनी आईकडे पाहिलं. ते एकच तिचं एकटीचं गाणं होतं. बाकीची सगळी दोघांची नाहीतर समूहाची. त्या गाण्यात अंबू रिकाम्या घराशी बोलते. आई हसली. "असू दे हो, काकू. नाटक महत्त्वाचं." आणि उठून तिने सगळ्यांच्या कपांत चहा ओतला, एकालाही विचारायचं न विसरता, कुणाला साखर नको ते लक्षात ठेवून. गाडीत त्या दिवशी आम्ही फेट्याबद्दल बोललो नाही. आईने खिडकीची काच थोडी खाली केली, मार्चची थंडी होती तरी, आणि बाबांनी हीटर वाढवला.

त्यानंतरच्या बुधवारी शाळेतून आल्यावर आईने मला डॉक्टरकाकूंचा डबा परत द्यायला पाठवलं. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर, सायकलवर जाता येई. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून त्यात बेसनाचे लाडू भरले होते. काकूंनी दार उघडलं, डब्याचं झाकण तिथेच काढलं, एक लाडू तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "आत ये. तू दर रविवारी त्या लॅपटॉपमागून बघत असतेस. कसं वाटतंय नाटक?"

"छान," मी म्हणाले.

"छान काय, छान सगळेच म्हणतात. खरं सांग."

मी इंग्रजीत सुरू केलं. काकू म्हणाल्या, "कुठल्याही भाषेत सांग, पण माझ्याकडे बघून सांग." मग मी फेट्याचं सांगितलं. मोरांचं सांगितलं. दिव्याचा खटका, पैठणीतली भाजीवाली. काकू हसायला लागल्या, लाडवाचे कण उडाले, त्यांनी मला पाणी आणायला लावलं, स्वतःसाठी. आणि त्या हसत होत्या म्हणून असेल, मला जे खटकत होतं ते पाणी देता देता माझ्याच तोंडून बाहेर आलं आणि तेव्हा मलाही पहिल्यांदा नीट कळलं.

"काकू, अंबूला मूल नाही ना. मग तिच्या अंगणात इतकी मुलं कुणाची?"

त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. त्यांनी खिडकीतून समोरच्या ड्राइव्हवेकडे पाहिलं, तिथे काठाला अजून काळपट बर्फ उरलं होतं. "मी ती कादंबरी कॉलेजात असल्यापासून वाचते आहे," त्या म्हणाल्या. "एवढी पोरं स्टेजवर आणली आणि मला हे दिसलंच नाही." मग माझ्याकडे वळल्या. "बरं. डोकं चालतंय तर चालव. मुलं काढता येत नाहीत. मग काय करू?"

मी असं काही ठरवून गेले नव्हते. पण पुण्यात आमच्या सोसायटीच्या मैदानात रोज काय व्हायचं ते मला आठवलं. मी म्हणाले, मुलं शेजाऱ्यांची आहेत. अंबूच्या अंगणात खेळायला येतात. नाच सुरू होऊ दे, पण तो पुरा व्हायच्या आधीच विंगेतून आया हाका मारायला लागतात. खऱ्या आया. ज्याला हाक येईल तो जाईल. एकेक करत अंगण रिकामं होईल. मनोरा होणार नाही, त्याचा वेळ वाचेल. आणि मग अंबू गाईल, ट्रॅकशिवाय. त्या गाण्याआधीची बासरी फार लांब आहे.

"बासरीसाठी मी स्टुडिओत दोन दिवस घालवलेत," काकू म्हणाल्या.

"सॉरी," मी म्हणाले.

"सॉरी काय? छान वाजलीय. पण लांब आहे, ते खरं." आणि त्यांनी दुसरा लाडू घेतला.

रविवारी प्राजक्तामावशी भडकली. तिचं भडकणं रास्तच होतं. "मनोरा काढायचा? फोटो त्याचाच येतो! आणि ही आयडिया कुणाची म्हणे?" डॉक्टरकाकूंनी माझं नाव घेतलं. सोळा मुलं, त्यांच्या आया, फेटा काखेत धरलेले निलेशकाका, सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्राजक्तामावशी म्हणाली, "अगंबाई! हिला बोलता येतं होय?" सगळे हसले. मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिले, कान तापले होते. निलेशकाकाच मदतीला आले. "पोरगी करेक्ट बोलून राहिली, प्राजक्ता. आणि बघ, हाका मारायला सगळ्या आयांना स्टेजवर आवाज मिळते. फुकटात रोल!" हे मात्र आयांना पटलं. प्रत्येकीची हाक निराळी हवी अशी चर्चा सुरू झाली, आणि प्राजक्तामावशीने शेवटी पदर खोचला, म्हणजे खरं तर स्वेटशर्टच्या बाह्या सरसावल्या, आणि म्हणाली, "ठीक आहे. पण पोरं धावत जाणार नाहीत. तालात जातील."

खरी अडचण घरी होती. आई पोळ्या लाटत होती, आणि तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "काकूंकडे जाऊन माझ्यासाठी रडलीस का?"

"नाही."

"मग गाणं परत कसं आलं? मला कुणाची मेहेरबानी नको. मी असू दे म्हणाले होते ना? माझी मुलगी जाऊन हट्ट करते, लोक काय म्हणतील? दुसऱ्या कुणाला देऊ दे ते गाणं. किंवा राहू दे."

आई अशी बोलायला लागली की मी गप्प व्हायचे, हा आमच्या घरचा नियमच होता. त्या दिवशी मी झाले नाही. मी म्हणाले, "आई, मी तुझं नाव पण घेतलं नाही. गाण्याबद्दल नाही गेले मी. नाटकात मुलं चुकत होती. ती गेल्यावर अंबू एकटी राहते, आणि एकटी राहिली की ती गातेच. कादंबरीत ती वाती वळते, इथे गाते. तू नाही गायलीस तर दुसरं कुणीतरी गाईल, पण कुणीतरी गायलाच पाहिजे." आईला उलटून मी एवढी वाक्यं सलग आधी कधी बोलले होते की नाही, कुणास ठाऊक. तव्यावरची पोळी फुगून वाफ सोडून खाली बसली होती. आईने ती उलटली. एका बाजूने काळी झालेली. आता विचार करते तेव्हा वाटतं, गाण्यासाठी गेले नव्हते हे जितकं खरं होतं तितकंच खोटंही होतं, पण ते सुटं करता येत नाही. आई म्हणाली, "ती करपलेली तू खा." ती मी खाल्ली. वर साखर-तूप तिने न मागता घातलं. आणि दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "ट्रॅक नाही म्हणजे सूर कोण देणार मला?" मी म्हणाले, तुझा तूच. ती म्हणाली, "बघू."

प्रयोग पाडव्याच्या पुढच्या रविवारी दुपारी, एका शाळेच्या सभागृहात. बाहेर दाराशी पन्हं आणि श्रीखंड-पुरी, आत चारशे खुर्च्या आणि त्यांत बसण्यापेक्षा उठण्यात रमलेली माणसं. पहिला अंक ठरल्यासारखा झाला. फेट्याला टाळ्या मिळाल्या. मोर जागच्या जागी होते. दुसऱ्या अंकात मुलं आली, पिंगा सुरू झाला, आणि मग विंगेतून पहिली हाक, "अन्वी, चल, पानं वाढलीत!" अन्वी गिरकी घेऊन तालात गेली. "रोहन! अंधार पडला बघ!" रोहन गेला. प्रेक्षकांत हसू, मग कुजबुज, मग हळूहळू ती शांत होत गेली, कारण त्या हाका त्यांना ओळखीच्या होत्या. एका मुलाने हाकेला उत्तरच दिलं, "फाइव्ह मोअर मिनिट्स, आई!" आणि सभागृहात हशा उसळला. त्याच्या आईने तालमीत नसलेला दम त्याला मराठीत भरला, तोही गेला. शेवटची दोघं हात धरून गेली. मी ट्रॅक बंद केला. त्यानंतर माझ्याकडे दाबायला काही नव्हतं.

आई ओसरीच्या पायरीवर बसली होती. तिने लगेच सुरुवात केली नाही. मला वाटलं, सूर सापडत नाही.  मग ती गायला लागली, अगदी खालून, बोलल्यासारखी. घरा, तू किती नीट आहेस, एवढीच त्या गाण्याची गोष्ट. मी तिचा आवाज ओळखत होते आणि तरी असा ऐकला नव्हता. पुण्यात ती शिकवण्यासाठी गायची, चुका दाखवत, थांबत. इथे तिला थांबवणारं कुणी नव्हतं. शेवटच्या ओळीवर ती आली, ओळ संपली, आणि दिवे मंद व्हायच्या आत विंगेतून एक चिमुरडी परत आली. परकर-पोलकं, आणि एकाच पायात बूट. दुसरा बूट नाचताना निसटून ओसरीच्या पायरीपाशी पडला होता. चालताना दिवे लागतात तसले बूट होते ते. ती पाऊल टाकी आणि शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अंगणात लाल-निळं चमके. तिला आधी आईच दिसली, आणि ती थांबली. माझ्या शेजारी डॉक्टरकाकू पुटपुटल्या, "अरे देवा."

आईने बूट उचलला. मांडीपाशी पदर सावरला, पोरीला खुणेने बोलावलं, तिचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि बूट चढवला. चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज माइकवर सगळ्यांना ऐकू आला. पोरगी आली तशी लुकलुकत निघून गेली. आई ती गेली त्या दिशेला बघत राहिली. आणि मग, ठरलेलं नसताना, तिने शेवटची ओळ पुन्हा घेतली, पहिल्यापेक्षा हळू, आणि अर्ध्यावर सोडून दिली.

नंतर कितीतरी जणांनी डॉक्टरकाकूंना बुटाच्या कल्पनेबद्दल शाबासकी दिली. काकूंनी ती मानेने स्वीकारली, ती कल्पना कुणाचीच नव्हती हे सांगितलं नाही. बाबा गाडी आणायला गेले तेव्हा आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या होतो. आईच्या चेहऱ्यावर अजून रंग होता आणि खांद्यावर बाबांचं जाकीट. येणारे-जाणारे तिला थांबवून बोलत होते, ती सगळ्यांना नमस्कार करत होती. गर्दी कमी झाली तेव्हा तिने मला विचारलं, "ते बुटाचं कादंबरीत नाही, ना?"

"नाही."

"आणि ते दिवे! शोभलं नाही अगदी. चुकलंच."

मी तिच्याकडे बघितलं. तिला खरंच विचारायचं होतं. माझ्याशिवाय तिला हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "नाही. अंबूने तेच केलं असतं."

 गाडी आली. तिने माझ्यासाठी पुढचं दार, एरवी ती बसायची तिथलं, उघडलं आणि स्वतः मागे बसली, पाय वर घेऊन, आरामात.